‘नाही’चं उद्यापन

एका चौफुलीवर एक गाव होतं, आणि त्या गावात जेवल्याशिवाय कुणी वाटसरू पुढे जात नसे. चार दिशांनी चार रस्ते येत. बैलगाड्या येत, घोडेवाले येत, देवदर्शनाला निघालेली माणसं येत. गावाची जमीन बेताचीच, पण आळीआळीत खानावळ. कुणाची भाकरी पापुद्र्याची, कुणाचं भरीत चुलीच्या राखेतलं, कुणाचा ठेचा असा की डोळ्यांत पाणी आलं तरी माणूस पुन्हा मागायचा. गावाला चांगलंसं नाव होतं, पण ते कुणाला आठवत नसे. लोक नुसतं म्हणत, जेवणाचं गाव.

त्या गावात एक मावशी खानावळ चालवायची. ती रांधायची आणि तिचा नवरा वाढायचा. त्याच्यासारखा वाढपी शोधून सापडला नसता. पाहुण्याने मान वर करायच्या आत त्याला कळायचं, ह्याला आमटी हवी आहे की ताक. कुणी ताटावर हात आडवा धरला की तो त्या हाताकडे बघायचा. हात खरा असेल तर पुढे जायचा. भिडेचा असेल तर वाकून हळूच म्हणायचा, "अर्धी घ्या, माझ्यासाठी." आणि अर्धी म्हणून अख्खी वाढायचा. लांबून आलेली माणसं मावशीच्या हातचं जेवायची आणि तिच्या नवऱ्याच्या शब्दाने तृप्त व्हायची.

गावाची जीभही फार मऊ होती. पाहुण्यांवर पोट, तेव्हा कुणाला दुखवायचं नाही, ही सगळ्यांची सवय. ताक घेता का? हरकत नाही. जरा सरकून बसता का? हरकत नाही. पाऊस येईलसं दिसतंय. हरकत नाही. ढगांनी त्यांना विचारलं नव्हतं, तरी ते परवानगी देऊन टाकत.

एका उन्हाळ्यात मावशीच्या नवऱ्याला ताप चढला. चढला तो उतरेना. वैद्याने काढे दिले, लेप दिले आणि शेवटी नजर चुकवून निघून गेला. तेव्हा मावशी देवघरात जाऊन बसली. तिथे तिची अन्नपूर्णा होती. लग्नात माहेरून मिळालेली, पितळेची, बोटभर उंचीची, हातात पळी घेऊन तांदळावर बसलेली. मावशीने पदर पसरला.

"आई, ह्यांच्या हाताला पुन्हा पळी धरू दे. मग येत्या चातुर्मासात माझ्या दारात कुणी काहीही मागो, माझ्या जिभेवर ‘नाही’ हा शब्द यायचा नाही. एवढा वसा मी घेते."

ताप उतरला. आषाढात तिचा नवरा पंगतीत उभा राहिला, हातात पळी घेऊन. मावशीने एकादशीला वसा धरला.

शेजारणींनी तिला विचारलं, "ते सगळं खरं, पण उद्यापनाला दान काय देशील?" कारण रीत अशी, की चातुर्मासात जे सोडायचं तेच उद्यापनाला दान करायचं. वांगं सोडलं तर वांगं द्यायचं. मीठ सोडलं तर मीठ. मुक्याने जेवण्याचा नेम धरला तर घंटा द्यायची. मग हिने ‘नाही’ सोडलं, तर ही देणार काय?

मावशी हसली. म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा. अन्नपूर्णा सुचवील."

पहिले काही दिवस गावाला गंमत झाली. कुणी मुद्दाम पाटा मागायला यायचं, कुणी भर पंगतीत बसायला पाट मागायचं. मावशी सगळं द्यायची. आपल्या बायकांना एक बरं असतं, ‘नाही’ न म्हणता नाही म्हणायची सवय लहानपणापासून लावलेली असते. घरातलं मीठ संपलं तर आपण मीठ वाढलं म्हणतो. निघताना जाते न म्हणता येते म्हणतो. मावशीने तीच वाट धरली. पोळ्या संपल्या की ती आतून सांगायची, "पोळ्या वाढल्या हो, भाकरी टाकते." एकदा एक नवखा वाटसरू ताटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वाढल्या म्हणता, पण माझ्या ताटात तर दिसत नाहीत." सगळी पंगत हसली. मावशीही हसली आणि गरम भाकरी घेऊन बाहेर आली.

एक गाडीवान भारी वात्रट होता. त्याने विचारलं, "मावशी, तुमचा जावई होऊ का? ‘नाही’ तर तुम्हाला म्हणता यायचं नाही."

मावशीला लेक नव्हती. ती म्हणाली, "आधी मला मुलगी होऊ दे बाबा. मग तुझ्या आईला पाठव."

असा श्रावण लागला. आणि श्रावणात एक पेटीवाला गावात आला.

त्याच्या गाडीवर शिसवी लाकडाची एक पेटी होती. वर पितळेची नक्षी, बाजूला एक दांडा, समोर काचेआड तीन चाकं. चाकांवर चित्रं काढलेली, आंबा, कमळ, मोर, राघू. वरच्या फटीत नाणं टाकायचं आणि दांडा ओढायचा. चाकं गरगर फिरायची आणि एकेक करून थांबायची. तीन चाकांवर तीन वेगळी चित्रं आली तर टाकलेलं गेलं. तिन्हींवर राघू आले, तर पेटी खुळखुळायची आणि ओंजळभर नाणी खाली सांडायची. पेटीवाला तिला नशीबपेटी म्हणायचा. त्याचं बोलणं तूप कढवून गाळावं तसं.

तो थेट पंचांकडे गेला. म्हणाला, गावातल्या प्रत्येक खानावळीत एकेक पेटी ठेवू द्या. येईल त्यातला वाटा गावाला देईन. त्या वाट्यातून नदीला दगडी घाट बांधून घ्या.

हा घाट गावाला फार दिवसांपासून हवा होता. उतार निसरडा होता. पाण्याला जाणाऱ्या बायका पावसाळ्यात घसरायच्या. थोरल्या पंचांची बहीण तिथेच पडली होती आणि अजून काठी घेऊन चालत होती. तेव्हा थोरल्या पंचांच्या मनात घाट बसला, आणि तो खोट्या मनाने बसला असं म्हणता यायचं नाही.

पंचांनी पुष्कळ चर्चा केली. एकजण म्हणाला, "फासे तर लोक आडोशाला बसून खेळतातच. इथे निदान डोळ्यांसमोर खेळतील." दुसरा म्हणाला, पोरांना हात लावू द्यायचा नाही अशी अट घालू, म्हणजे झालं. तिसरा म्हणाला, ठेवायची तर सगळ्याच खानावळींनी ठेवावी, एकीने ठेवली आणि दुसरीने नाही तर आपसांत हेवेदावे होतील. चौथे पंच म्हातारे होते. ते एवढंच म्हणाले, "जेवताना माणसाची नजर ताटात असावी." बाकीच्यांनी आदराने माना हलवल्या आणि पुन्हा घाटाच्या पायऱ्या किती रुंद असाव्यात यावर बोलू लागले.

शेवटी थोरल्या पंचांनी गावचा जुना नियम पुढे केला. खाण्याच्या जागेत काही नवं आणायचं किंवा जुनं काढायचं, तर सगळ्या खानावळवाल्यांना भर सभेत विचारायचं. एकाने जरी ‘हरकत आहे’ म्हटलं, तर ती गोष्ट तिथेच थांबायची. पूर्वी कुणीतरी तेलात भेसळ करायचं सुचवलं होतं. तेव्हा एका म्हातारीने हरकत घेतली आणि गावाची चव वाचली. तेव्हापासूनचा हा नियम. पंचांनाही तो सोयीचा वाटला. बरं झालं तर आपण केलं, वाईट झालं तर त्यांनी केलं.

गावात बोलणी सुरू झाली. खानावळवाल्यांपैकी बहुतेकांना पेटी नको होती. पण पाहुण्याला तोंडावर कोण सांगणार? प्रत्येकजण मनात म्हणाला, मावशी आहे. देवाधर्माची बाई, ती नक्की हरकत घेईल. मग मी कशाला वाईट होऊ?

सभेच्या आदल्या दिवशी पेटीवाला मावशीच्या खानावळीत जेवायला आला. पोटभर जेवला. प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन वाखाणणी केली. हात धुतले, आणि उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "मावशी, तुमच्या दारात उभा आहे. एक मागणं आहे."

मावशीने ओळखलं. गावातल्या कुणीतरी त्याला वशाचं सांगितलं होतं.

"उद्या सभेत हरकत घेऊ नका. एवढंच द्या. तुमच्या वशावर मला विश्वास आहे."

उत्तराची वाट न बघताच तो हात जोडून निघून गेला, जणू मिळालंच.

तिने नवऱ्याला विचारलं. तो भांडी पुसत होता. तिला वाटलं होतं, हा तरी म्हणेल, सोड तो वसा. तो म्हणाला, "अगं, खेळणं तर आहे. आणि तुझा वसा माझ्या जिवासाठी आहे. तो मोडून मला पुन्हा अंथरुणाला लावणार आहेस का?" बोलता बोलता तो हसला, पण मावशीला त्या तापाची रात्रंदिवसाची धग आठवली. तिने वाद घातला नाही. देवघरात जाऊन तिने अन्नपूर्णेकडे बघितलं. अन्नपूर्णा पळी घेऊन बसली होती. पितळेला घाम येत नाही, बोलता येत नाही. जे ऐकायचं ते माणसालाच आपल्या मनातून ऐकावं लागतं, आणि मावशीचं मन त्या वेळी भीतीने भरलेलं होतं.

सभा धान्यबाजारातल्या चौथऱ्यावर भरली. थोरल्या पंचांनी विचारलं, "पेट्या ठेवायच्या. कुणाची हरकत?"

भाकरीवाल्याने मावशीकडे बघितलं आणि म्हणाला, हरकत नाही. भरीतवालीने मावशीकडे बघितलं आणि म्हणाली, हरकत नाही. ठेच्याची म्हातारी, घावनवाला, सगळे मावशीकडे बघून बोलले. शेवटी सगळे डोळे तिच्यावर येऊन थांबले. म्हातारे पंच तर पुढे वाकून बसले होते.

मावशी उभी राहिली. तिला नवऱ्याचं कपाळ आठवलं, तापलेल्या तव्यासारखं.

"हरकत नाही," ती म्हणाली.

थोरल्या पंचांनी नारळ फोडला. म्हातारे पंच काठी टेकत उठले आणि कुणाशी न बोलता घरी गेले.

पेट्या आल्या. पहिले आठ-पंधरा दिवस माणसांनी गर्दी केली. हसणं, खिदळणं, राघू आला, राघू गेला. मग हळूहळू हसणं कमी झालं आणि दांड्याचा आवाज तेवढा राहिला. माणसं एका हाताने घास घेऊ लागली. मग घास हातातच राहू लागला. गरम वाढलेलं गार व्हायचं, गार झालेलं उष्टं म्हणून गुरांपुढे जायचं. स्वयंपाक करणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं. कुणी चाखून बघतच नाही, तर फोडणी कशासाठी खमंग करायची? भरीतवालीने वांगी राखेत घालायची सोडून पाण्यात उकडायला सुरुवात केली. कुणी तक्रार केली नाही. हेच तिला जास्त लागलं.

मावशीचा नवरा आधी नुसता बघायचा. मग एकदा एका पाहुण्याने आग्रह केला, तुमच्या हाताला यश आहे, एकदा ओढा. त्याने ओढलं. तीन राघू आले.

बायांनो, त्या दिवशी ते तीन राघू आले नसते तर बरं झालं असतं. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. पण तो त्यांची वाट बघू लागला. वाढता वाढता त्याची मान वळायची. पळी एका पाहुण्यापुढे आणि नजर चाकांवर. ज्याला ताक हवं त्याला आमटी गेली. ज्याने बस म्हटलं त्याच्या ताटात भाताचा ढीग झाला.

एक म्हातारा घोडेवाला वर्षातून एकदा त्या वाटेने जायचा. स्वभावाने लाजरा, भूक असली तरी हात आडवा धरायचा. मावशीच्या नवऱ्याने वाकून म्हणावं, अर्धी घ्या, माझ्यासाठी, म्हणजे तो खाली बघून हसायचा आणि जेवायचा. त्या भाद्रपदात तो आला. त्याने हात आडवा धरला. वाढपी तिथूनच पुढे गेला, कारण त्याची नजर पेटीकडे होती. म्हाताऱ्याने हात तसाच धरून ठेवला. जरा वेळ थांबला. मग त्याने तो हात धुतला आणि अर्ध्या पोटी उठला.

मावशीने हे स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. हात भिडेचा होता. तिलासुद्धा लांबून कळलं. ती भाकरी घेऊन बाहेर येईपर्यंत घोड्याच्या टापा वळणापलीकडे गेल्या होत्या.

मग वाटसरूही कमी होऊ लागले. जेवणाच्या गावात जेवण राहिलं नाही, हे गाडीवानांनी एकमेकांना सांगायला वेळ लावला नाही. घाटाच्या थोड्या पायऱ्या झाल्या. पहिल्याच पायरीवर पेटीवाल्याचं नाव कोरलं. पुढच्या पायऱ्यांचा दगड काही आला नाही.

मावशीच्या घरातलं तांब्याचं घंगाळ गेलं. नवरा म्हणाला, कल्हईला दिलंय. समई गेली. म्हणाला, शेजारी हवी होती. मावशी विचारायची आणि तो सांगायचा, आणि पुढे तो मागायलाच लागला, तेव्हा ‘नाही’ म्हणायचं नाही म्हणून ती आपल्या हाताने काढून द्यायची. वसा तिने एवढा घट्ट धरला होता.

कार्तिक लागला. एका सकाळी ती अंघोळ करून देवघरात आली, तर तांदळावर अन्नपूर्णा नव्हती. तांदळात तेवढा तिच्या बैठकीचा गोल खळगा होता.

"उजळायला दिलीय," नवरा म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"चिंच घरात होती की," मावशी म्हणाली.

तो बाहेर गेला. लवकरच दांड्याचा आवाज आला.

मावशी तशीच ओल्या केसांनी थोरल्या पंचांकडे गेली. म्हणाली, सभा बोलवा, पेट्या काढा. पंचांनाही तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. त्यांची बहीण त्यांना रोज विचारायची, "दादा, माझ्या काठीला आणखी किती पायऱ्या मिळणार आहेत?" त्यांनी लगेच सभा बोलावली.

पण नियम तोच होता. नवं आणायला जो, जुनं काढायलाही तोच.

थोरल्या पंचांनी विचारलं, "पेट्या काढायच्या. कुणाची हरकत?"

भाकरीवाला पटकन म्हणाला, हरकत नाही. भरीतवाली डोळे पुसत म्हणाली, हरकत नाही. ठेच्याची म्हातारी, घावनवाला. एकेक शब्द पडत गेला तशी मावशीची छाती हलकी होत गेली. तिला वाटलं, आई रागावली नाही, ती नुसती बघत होती. सगळे बोलून झाले. थोरल्या पंचांनी नारळ हातात घेतला.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझी हरकत आहे."

मावशीने तो आवाज ओळखला. तो तिच्या खानावळीचा वाढपी होता. तोही खानावळवालाच, त्यालाही बोलायचा हक्क होता.

थोरले पंच म्हणाले, "अरे, तुझ्याच घराची दशा बघ."

"तेच तर," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. "इतकं घातलंय तिच्यात. आता काढून नेली तर ते सगळं गेलंच. एकदा तीन राघू येऊ द्या, मग मीच उचलून गाडीत टाकतो."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. "अहो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

त्याने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. थोरल्या पंचांनी नारळ खाली ठेवला. माणसं एकेक करून उठली.

मावशी चौथऱ्याच्या पायरीवर बसून राहिली. चातुर्मासभर ती ‘नाही’ हा शब्द कानांनी वेचत होती. कुणाच्या बोलण्यात तो कुठे आहे, हे तिला लगेच कळायचं. आणि आता नवऱ्याचे शब्द तिच्या कानांत फिरत होते. माझी हरकत आहे. तिने ते तांदूळ निवडावे तसे निवडले. त्यात ‘नाही’ नव्हतं. कुठेच नव्हतं.

मग तिला स्वतःचे शब्द आठवले. हरकत नाही.

मीठ वाढलं म्हणून, पोळ्या वाढल्या म्हणून, जावई होऊ बघणाऱ्याला ‘आधी मुलगी होऊ दे’ म्हणून तिने जो शब्द चुकवत आणला होता, तो तिने भर सभेत, सगळ्या गावासमोर उच्चारला होता. गावाच्या तोंडात तो इतका बसलेला, की म्हणताना तिला ऐकूही आला नाही. ‘हरकत आहे’ म्हणाली असती तर गाव वाचलं असतं आणि वसाही राहिला असता. तिने दोन्ही मोडलं होतं, आणि वसा मोडू नये म्हणून मोडलं होतं.

त्या दिवशी ती रडली नाही. रडायला कुणावर तरी रुसावं लागतं, आणि तिला आता अन्नपूर्णेवर रुसता येईना. आईने शब्द मागितला नव्हता, तो हिनेच देऊ केला होता. आणि देताना कुणाला नाही म्हणायचं आणि कुणाला म्हणायचं नाही, याचा विचार केला नव्हता.

उद्यापनाचा दिवस आला. घरात फारसं काही उरलं नव्हतं. मावशीने तांदळाच्या खळग्यात सुपारी ठेवली, तिलाच हळदकुंकू वाहिलं. पळीभर तुपात शिरा केला. जेवायला नदीपलीकडच्या गावची माळण बोलावली. ती वर्षानुवर्षं मावशीला भाजी पुरवायची, आणि पेट्या आल्यापासून तिच्या टोपलीतली निम्मी भाजी तशीच परत जायची. तिने पोटभर जेवून विडा घेतला. मावशीने तिची ओटी भरली आणि तिला सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. काही झाकलं नाही.

मग म्हणाली, "आता दान घे."

माळणीने इकडे तिकडे बघितलं. "काय घिऊ मावशी? घरात तर..."

"जे सोडलं तेच द्यायचं असतं," मावशी म्हणाली. "मी ‘नाही’ सोडलं होतं. ते तुला देते. तुझ्या गावालाही चांगला रस्ता आहे. तो पेटीवाला नदी उतरायला वेळ लावणार नाही. गोड बोलेल, घाट देईन म्हणेल, देऊळ बांधीन म्हणेल. तेव्हा हे बाहेर काढ."

माळण हसली नाही. तिने पदराचं टोक पुढे केलं, मावशीच्या हातावरून काहीतरी उचलल्यासारखं केलं, आणि टोकाला घट्ट गाठ मारली.

पौषात पेटीवाला नदीपलीकडे गेला. तिथे त्याने विहीर बांधून देण्याचा शब्द दिला. तिथल्या पंचांनी गाव जमवलं आणि आपल्या मऊ आवाजात विचारलं, "ठेवू या ना मग?" कुणी काही बोलेना. सगळे शेजारच्याकडे बघत होते. माळणीने पदराचं टोक हातात घेतलं. गाठ जुनी झाली होती, सुटेना. तिने दातांनी सोडवली.

"नाही," ती म्हणाली.

तिची सासू मागून कुजबुजली, पाहुण्याला असं तोंडावर बोलतात का?

"उद्यापनाचं दान हाय, आत्याबाई," माळण म्हणाली. "ठेवून घेता येत न्हाई."

मग कुंभारीण म्हणाली, आम्हालाही नको. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. पेटीवाल्याने पेटी पुन्हा गाडीवर चढवली. त्याला त्या गावात कुणी जेवायला थांबा म्हटलं नाही.

जेवणाच्या गावात मात्र पेट्या आहेत. घाट अर्धाच आहे. मावशीची चूल एकाच वेळेला पेटते आणि पंगतीला तुरळक माणसं असतात. एका संध्याकाळी नवरा आत आला आणि फळीवरच्या शेवटच्या तपेल्याकडे बोट करून म्हणाला, "ते दे जरा."

मावशी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "नाही," ती म्हणाली. रागाने म्हणाली नाही. अर्धी घ्या, माझ्यासाठी, असं तो एके काळी म्हणायचा ना, तशाच आवाजात म्हणाली.

तो उभा राहिला. बाहेर दांड्याचा आवाज येत होता. मग तो पाटावर बसला. मावशीने ताट वाढलं. त्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आमटीला कोकम आहे का आज?"

"रोजच असतं," मावशी म्हणाली.

त्या दिवशी तो ताटाकडे बघून जेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तपेलं मागायला आला, आणि मावशी पुन्हा तेच म्हणाली. आजही रोज म्हणते. रोज तो ऐकतोच असं नाही.

तर बायांनो, मुलांनो, ह्या कहाणीचं तात्पर्य इतकंच: ‘हरकत नाही’ म्हणण्याआधी आपण काय म्हणतो आहोत ते आपल्याच कानांनी ऐकावं, आणि नेम धरायचाच तर वेळेवर नाही म्हणण्याचा धरावा. त्याला उद्यापन नाही.